सेलेदोनियोची सुटका थांबवण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
व्यसनमुक्ती केंद्र तपासणी विभाग,
नगरपालिका, सान हासिंतो.

विषय : श्री. सेलेदोनियो रांहेल यांना सोडवा, असा मीच केलेला अर्ज मागे घेण्याबाबत.
संदर्भ : माझा दि. ३ जानेवारीचा अर्ज व त्यावरचा आपला सुटकेचा आदेश.

महोदय,

बाजारातला पंक्चरवाला फिदेन्सियो बारागान, तोच मी. गेल्या वर्षी आपल्या खुर्चीला डिंक लागला होता, त्याची आधी माफी मागतो. हा अर्ज मात्र थट्टा नाही.

१. सेलेदोनियो पावाच्या भट्टीवर रात्रपाळी करतो. माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे माझा कोंपाद्रे. २८ डिसेंबरला अख्खं गाव एकमेकांना फसवतं, म्हणून मीही त्याचा थोरला भाऊ बनून केंद्राला फोन केला, की आमचा सेले क्रिस्टलची नशा ओढतो, घेऊन जा. घरच्यांचा फोन गेला की ते लोक गाडी आणतात आणि माणसाला चादरीत गुंडाळून नेतात, हे आपण जाणताच. सेलेला त्यांनी पिठाने माखलेल्या हातांसकट उचललं. मी समोरच्या टपरीवर गरम अतोले पीत हसत होतो.

२. तासाभरात सोडतील असं वाटलं. पण "मी नशा करत नाही" म्हणेल तो तिथे पक्का नशेबाज ठरतो. मी जाऊन खरं सांगितलं, तर केंद्राचे प्रमुख डॉन रुतिलो म्हणाले, "भाऊसाहेब, तिसऱ्या दिवशी सगळ्याच नातेवाइकांना पाझर फुटतो." मी त्याचा भाऊच नाही म्हटलं, तर म्हणाले, "तेही सगळे म्हणतात." त्याच्या बायकोने, ओतिलियावहिनीने, मला तवा उगारून दारातून हाकललं. मग आपल्याकडे अर्ज केला. आपण तो लगेच मंजूर केलात, हे आपले उपकार.

३. परवाच्या रविवारी भेट मिळाली. मी माफी पाठ करून गेलो होतो. त्याने बोलूच दिलं नाही. गळ्यात पडला आणि कानात म्हणाला, "कोंपाद्रे, तुला कसं रे कळलं? दोन वर्षं झाली, ओतिलियालासुद्धा पत्ता नाही."

साहेब, मला काहीही कळलं नव्हतं. भट्टीवर निम्मे जण ओढतात म्हणे. झोप येत नाही, भूक लागत नाही, मालक खूश. रोज सकाळी तो माझ्या दुकानात येऊन बसायचा. गालफडं बसली तेव्हा मी त्याला सांगाडा म्हणायचो. पुढचे दात पडले तेव्हा बाजार गोळा करून त्याच्या हातात मक्याचं कणीस दिलं. तोही हसला, तोंडावर हात धरून.

४. तो म्हणतो, "सहा महिने मला इथेच राहू दे. बाहेर आलो तर त्याच रात्री ओढीन. इथे फार जड जातं, पण एवढंच धरून बसतो, की कुणीतरी माझ्याकडे नीट बघत होतं."

तरी विनंती, की सोमवारी त्याला सोडवायला येऊ नये. यायचंच तर त्याला एकट्याला विचारावं आणि राहण्याची संमती त्याच्याच सहीने घ्यावी. खोट्या फोनबद्दल दंड, कोठडी, जे असेल ते मला द्यावं. पण आदेशात कारण लिहिलंय, "थट्टेपोटी दिलेली खोटी माहिती", आणि आदेश माणसाला वाचून दाखवायचा नियम आहे. तेवढी ओळ त्याच्यासमोर वाचू नये. मी बघत नव्हतो, हे त्याला कळू नये. निदान सहा महिने.

या खेपेस खरोखरच नम्र,
फिदेन्सियो बारागान
२१ जानेवारी

सोबत : ओतिलियावहिनीचं संमतीपत्र. ती त्याला काही सांगणार नाही. माझ्याशी तर ती बोलतच नाही.