सॅमनचे चार तुकडे

आई,

मला जिच्याशी लग्न करायचंय ती आणि तिचे बाबा उद्या दुपारी आपल्याकडे जेवायला येणार आहेत. ती माझ्याच वर्गातली. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तिने पूर्ण केलं. तिच्याशिवाय माझं काही खरं नाही, हे मी घरात सांगून टाकलंय. तिचे बाबा नोकरीसाठी बरीच वर्षं परदेशात होते, तिथे दर आठवड्याला सॅमन मासा खायचे. गेल्या रविवारी त्यांच्या घरी जेवताना त्यांनी मला विचारलं, सध्या काय करता? मी सांगितलं, वारज्यात एका किचनमध्ये ऑर्डरचं जेवण बनवतो. त्यावर अगदी शांतपणे म्हणाले, "अस्सं. म्हणजे शिक्षण कच्चं राहिलं. मासा तरी पुरता शिजवता का?" माझं डोकं तापलं. तिने टेबलाखालून पाय दाबला म्हणून उठलो नाही, पण तोंड सुटलंच. म्हटलं, आमच्याकडे या, माझ्या आईच्या पद्धतीने सॅमन खाऊ घालतो. त्यांनी लगेच फ्रीझरमधून चार तुकडे काढून माझ्या हातात ठेवले. ते दोघं, बाबा आणि मी, एकेकाला एक.

आई, तू सॅमन कधी पाहिलासुद्धा नव्हतास. तुझा मासा म्हणजे रावस. आणि त्याची पद्धत तरी मला कुठे येते? मी आठवीत होतो, तू डब्यात तळलेला रावस दिला होतास. शेजारचा मुलगा नाक धरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला आणि सगळा वर्ग हसला. घरी आलो तेव्हा तू तव्यापाशी उभी. मी डबा सिंकमध्ये आपटला आणि ओरडलो की मला हा वास नको. तू वळलीही नाहीस. म्हणालीस, "बरं. मग मासे करताना इथे येत जाऊ नकोस." मी खरंच आलो नाही. तू मासे आणलेस की मी गच्चीवर जाऊन बसायचो. पुढच्याच वर्षी तू गेलीस. तू कोकमाचं आगळ आधी लावायचीस की हळद, मसाला किती, किती वेळ मुरवायचीस, यातलं मी काही पाहिलेलं नाही. काल बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मी खाल्लं. बघितलं नाही."

आज माझ्या वाटणीचा तुकडा करून पाहिला. आधी कोकमाचं आगळ, मीठ, हळद, लसूण चोळून तासभर ठेवला, रावस समजून. पण हा मासा मऊ, आगळाने वरून पांढरा पडला. मग रवा लावून तापल्या तव्यावर टाकला. त्याची स्वतःचीच चरबी सुटते, मी वर आणखी तेल ओतलं. आच मोठी होती, कडेने पांढरं पाणी यायला लागलं, मी घाबरून उलथनं घातलं आणि तुकडा मधोमध फाटला. कातडी तव्यालाच राहिली. तेव्हा आठवलं. मी लहान आहे, पाटावर उभा राहून मासा उलटायला बघतोय आणि तू माझं मनगट धरतेस. "थांब जरा. झाला की सुटतो आपला आपण. ओढलास की तुटतो." तुझ्या पद्धतीतलं माझ्याकडे एवढंच आहे.

उद्या कातडी खाली, मंद आच, आगळ अगदी शेवटी. एवढं जमेल. भीती तव्याची नाहीये. ते पहिला घास खाऊन विचारतील, तुमच्या आई यात काय घालायच्या? मला माहीत नाही म्हणायचं, मी ठरवलंय. पण त्यांचा तो थंड आवाज कानावर पडला की मी पुन्हा चिडून काहीतरी ठोकून देईन, आणि या वेळी ती पाय दाबणार नाही. काल फोनवर म्हणाली, "चिडलास तर मी मध्ये पडणार नाही."

तुझ्या मसाल्याचा डबा अजून वरच्या फळीवर आहे. मघाशी उघडून हुंगला, कसलाच वास नाही. बाबा म्हणाले, जुना झाला, टाकून दे. टाकणार नाही, हा कागदही घडी करून त्यातच ठेवतोय. बाबांना एक सांगितलेलं नाही. तू गेल्यावर वर्षभर, ते कामावर गेले की मी रोज झाकण काढून डबा तोंडाशी धरायचो. तो वास मीच संपवला.