तुकिजोच्या श्यामाची नवी तान

३ ऑगस्ट
पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा. शेजारच्या तुकिजोचा श्यामा पक्षी पहिला, माझा चौथा. वर तुकिजो चारचौघांत मला म्हणतो, "वागिमानदादा, तुमच्या पक्ष्याला तेल घाला. बिजागरी वाजतेय." मैदान हसलं. सूड घेणार. १७ला आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाची स्पर्धा.

६ ऑगस्ट
श्यामा ऐकलेला आवाज उचलतो. नव्या आवाजाला जादा गुण. माझ्या पक्ष्याला रोज रातकिडा ऐकवतो.
शिवाय योजना: आंब्यावरचं लाल मुंग्यांचं घरटं तुकिजोच्या पिंजऱ्याखाली टांगायचं. घाबरलेला श्यामा आठवडाभर तोंड उघडत नाही. (स्वतःचा शोध. पुस्तकांत नाही.)

८ ऑगस्ट
पक्ष्यासाठी मुंग्यांची अंडी काढताना मानेला मुंगी चावली. ओठ सुजला, अंगभर गांधी उठल्या. बायको सुमिराह म्हणाली, आरोग्य केंद्रात चला. तिथे नर्स कोण? तुकिजोची सून. हे तोंड तिला दाखवू? मेलो तरी नाही.
निदान सोपं: अंगात वारा शिरला. पाठीला बाम चोळून नाण्याच्या कडेने लाल पट्टे उठेपर्यंत खरवडवून घेतलं. संध्याकाळी सूज गायब. नाणं जुनं, जाडच हवं. नवी कुचकामी.

१३ ऑगस्ट, दुपार
तुकिजो शेतावर गेला. निघतो.

१४ ऑगस्ट, आरोग्य केंद्र
काल घरट्याची पिशवी पिंजऱ्याखालीच फाटली. (पिशवीचा दोष.) मुंग्या हातभर चावल्या. बघता बघता जीभ जड, उलटी, श्वासाची शीळ. ओरडायचं नाही असं ठरवलंच होतं, ओरडताही येईना. शोधत आलेल्या सुमिराहने तिथेच, पिंजऱ्याखाली, नाणं काढलं. मीच खुणावलं: जोरात.
तेवढ्यात तुकिजो उगवला. नाणं हिसकावून भिरकावलं, मला स्कूटरवर घातलं. सुनेने काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. श्वास मोकळा झाल्यावर म्हणाली, "काका, ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर तो वारा नसतो. आधी इथे यायचं. आणि बरं वाटलं म्हणून पळायचं नाही, पुन्हा उलटतं." ठेवून घेतलंय.
तुकिजोने डबा आणला. हाही अपमान लक्षात ठेवीन. नाणं त्याच्याच अंगणात आहे.

१७ ऑगस्ट
तुकिजोचा श्यामा पहिला. मुंग्या त्याने वेचून खाल्ल्या म्हणे, अंगाने भरलाय. परीक्षक मात्र एका नव्या तानेवर खूश: लांब, खरखरीत, शेवटी तुटणारी शीळ. कुठल्या पक्ष्याकडून शिकला, विचारलं.
तुकिजोने माझ्याकडे पाहिलं. "घरी पाहुणे आले होते," एवढंच म्हणाला.
सुमिराहने तान लगेच ओळखली. घरी येईपर्यंत हसत होती.
माझा श्यामा चौथा.