दहापैकी किती

३ डिसेंबर

आले एकदाची इबादानला! ओशोग्बोहून निघालेली बस वाटेत दोनदा बंद पडली, मांडीवर मावशीने दिलेल्या पिठाचं बोचकं, पण मन कसं फुलपाखरू झालं होतं. वीस वर्षांनी आईच्या घरात राहायला मिळतंय. मी सहा वर्षांची असताना आईने मला मावशीकडे ठेवलं, कारण ताई सारखी दवाखान्यात आणि दोघींचं करणं तिला झेपेना. असो. आता इथल्या शाळेत गणिताची नोकरी लागली आहे. आईने दारातच मिठी मारली. म्हणाली, 'आली गं माझी रायो! केवढी उंच झालीस!' जेवायला त्याच पिठाचे अमालाचे गोळे, एवेडूच्या पानांची बुळबुळीत भाजी आणि मटण. मोठा तुकडा ताईच्या ताटात पडला. तिला रक्त कमी असतं, मलाही कळतं. तरी नजर गेलीच.

५ डिसेंबर

ताईला जन्मापासून सिकलसेल. तिचं रक्त एस-एस, म्हणजे पुरतं आजारी, माझं ए-ए, म्हणजे निर्दोष. आमच्याकडे लग्न ठरवतानाही आधी ही अक्षरं विचारतात, त्यामुळे लोक मला नशीबवान म्हणतात.

दवाखान्याने तिला एक निळी वही दिली आहे. सकाळ-संध्याकाळ दुखणं शून्य ते दहात सांगायचं आणि कुठे दुखतं ते लिहायचं. त्यावरून डॉक्टर औषध ठरवतात. तिचा उजवा खांदा निकामी झाल्यापासून तिला पेन धरवत नाही. आजवर आईने वेड्यावाकड्या अक्षरात वही चालवली, आता ते काम माझ्याकडे आलं. नर्सबाईंनी बजावलं, की रुग्ण जो आकडा सांगेल तोच लिहायचा, आपलं मत त्यात घालायचं नाही. मी म्हटलं, बाई, मी गणित शिकवते. त्या म्हणाल्या, म्हणूनच सांगते.

८ डिसेंबर

ताई मोबाइलवर कसलासा विनोदी व्हिडिओ बघत खिदळत होती. विचारलं, किती? म्हणाली, सात. सात! हसता हसता! माझ्या वर्गात अशा उत्तराला मी भोपळा दिला असता. माझं तोंड बघून ती म्हणाली, 'अगं, रडून कमी होतं का? रडायचं सगळं लहानपणीच उरकलं मी.' मी सात लिहिले. आई तिच्या पायांना शियाच्या बियांचं लोणी चोळत बसली होती. दिवसभर वर्गात उभं राहून माझेही पाय भरून आले होते. मला कोणी विचारलं नाही.

११ डिसेंबर

आज शाळेत नाताळचा कार्यक्रम होता. माझ्या वर्गाचं गाणं मी बसवलेलं. आई येणार म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. घरी आले तर आई ताईच्या पलंगावर, तिचे पाय मांडीवर घेऊन. म्हणाली, 'तिला आठ होतं गं, कशी येणार?'

वही उघडली आणि आठाच्या जागी पाच लिहिले. तीन गुण कापले, पेपर तपासताना कापते तसेच, आणि बरं वाटलं. जळते मी तिच्यावर, लिहूनच टाकते. आईच्या त्या दोन हातांसाठी जळते. वीस वर्षं ते हात तिलाच मिळाले.

१२ डिसेंबर

ताई सकाळी ताजीतवानी. बघा, आठ कसले न् काय! वाढवून सांगायची सवय, दुसरं काही नाही. माझा गुडघा मात्र ठणकतोय. काल खुर्च्या उचलल्या, त्याने असेल.

१५ डिसेंबर

हरमॅटन सुटलाय. ओठ फुटले, घरभर तांबूस धूळ. या कोरड्या गार वाऱ्यात ताईची हाडं हमखास दुखतात. सकाळी ती नऊ म्हणाली, डाव्या मांडीत. मी चार लिहिले. दुपारी ती आपणहून उठली आणि केळी तळत उभी राहिली, आणि मी शाळा अर्धी टाकून रिक्षाने घरी आले, कारण डावा पाय टेकवत नव्हता. आतलं हाड फुगत चाललंय आणि त्याला जागा पुरत नाहीये, असं काहीतरी. आईने तळलेल्या केळ्यांचं कोण कौतुक केलं.

१७ डिसेंबर

गणित मांडलं. आठातले पाच लिहिले, माझ्याकडे तीन आले, गुडघ्यात. नऊतले चार लिहिले, पाच आले, मांडीत. काल मुद्दाम करून बघितलं. ती म्हणाली सहा, कमरेत. मी दोन लिहिले. तासाभरात माझी कंबर धरली, आणि ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

कापलेले गुण कुठे जातात ते कळलं.

भीती वाटायला हवी होती. पण पहिला विचार आला तो असा, की आता आई माझे पाय चोळील.

१८ डिसेंबर

आईला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, 'रायो, ए-ए आहेस तू. ए-एची हाडं अशी दुखत नसतात.' लहानपणी ताईला ताप आला, की मी डोळ्यांना बाम लावून रडायचे, याची तिने हसत हसत आठवण करून दिली. मग माझ्या कमरेजवळची गरम पाण्याची पिशवी उचलून ताईच्या पायाशी ठेवली. ताईला त्या वेळी काही दुखत नव्हतं. ती माझ्या कमरेकडे बघत होती.

२० डिसेंबर

ताई म्हणाली, दहा. चेहरा अगदी शांत.

मी शून्य लिहिलं. चार-पाचाचं दुखणं अंगावर काढता येतं, म्हणून आई मानत नाही. दहाचं लपणार नाही. एकच दिवस मला ते हात हवेत. उद्या वहीत बरोबर आकडा लिहीन, आणि ज्याचं त्याला परत.

२१ डिसेंबर

आलं. छातीत, पाठीत, दोन्ही पायांत. हे असतं दहा. मी हिचे गुण कापत होते.

आई आली. कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाली, आणि ताईला घेऊन तपासणीला गेली. तारीख आजचीच होती. वही पिशवीत टाकताना दिसली. वही ठेवा म्हणून ओरडले, पण तोवर जिना उतरल्या होत्या. ताई पुढे, आई मागे —

२२ डिसेंबर

वही परत आली नाही. इतके कमी आकडे बघून डॉक्टर खूश झाले. वही दवाखान्यात जमा करून घेतली. नवीन लागणार नाही म्हणाले.

शेवटचा आकडा शून्य. तो आता खोडता येत नाही. मी नर्सबाईंना फोन करून माझ्यासाठी वही मागितली. त्यांनी रक्त विचारलं. ए-ए म्हटल्यावर हसून फोन —

२३ डिसेंबर

रक्त पुन्हा तपासलं. ए-ए. तपासणारा म्हणाला, नशीबवान आहात मॅडम.

२४ डिसेंबर

ताई पलंगाशी येऊन बसली. मी सगळं कबूल केलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, 'पहिल्याच सकाळी, तुझा गुडघा बघून कळलं मला. मग सहा असले की मी नऊ सांगायला लागले.'

दहा सांगितले तेव्हा खरे किती होते, विचारलं.

म्हणाली, 'चार.'

मग वरचे सहा —

'ते माझे नव्हतेच. ते तू मागून घेतलेस.' माझ्या पायावर हात ठेवून म्हणाली, 'तू धावत जिना उतरायचीस ना, त्या पायांवर मी जन्मभर जळले गं.'

हात गार होता. आईच्या हातासारखाच.

२५ डिसेंबर

आई आणि ताई, सणाला घरातले सगळे घालतात तसे, एकाच कापडाचे कपडे घालून चर्चला गेल्या. तिसऱ्या माणसाचं कापड घेतलंच नव्हतं. ताई जिना धावत उतरली, मी पडल्या पडल्या तिच्या पावलांवरून पायऱ्या मोजल्या. बावीस. आधी तिच्या दुखण्यावर जळत होते, आता तिच्या —

२६ डिसेंबर

उजवा खांदा. पेन धरवत नाही. ताई म्हणते, तुझा आकडा तू सांग, मी या रोजनिशीत लिहिते. तिचा खांदा आता —

आकडा तिने लिहिला तर. एक जरी गुण कापला तर तो तिच्याकडे जाईल. कापेलच. म्हणून हसत हसत सांगायचं. हसणाऱ्याचं कोण मानतं? मी मानलं होतं का —

पेन तिला देते —

२७ डिसेंबर

आजपासून मी, अबोसेडे, रायोची ताई, तिच्या रोजनिशीत लिहिते आहे.

सकाळी विचारलं, किती? ती हसत हसत दहा म्हणाली. आई म्हणाली, हसतेय की चांगली, दोन लिही. मी आईला गप्प केलं. तीस वर्षांत माझा आकडा कोणी मुकाट्याने मानला नाही. माझ्या बहिणीचा मी मानणार. एकही गुण कापणार नाही.

दहापैकी दहा लिहिले आणि तिला वाचून दाखवले. तेव्हा तिचं हसू गेलं. कमी लिही म्हणून हात जोडायला लागली. मी म्हटलं, वेडी का तू, माझा विश्वास आहे तुझ्यावर.

दुपारी पुन्हा विचारलं. अकरा म्हणाली. मला खोटं वाटावं म्हणून असेल, पण मी अकरा लिहिले, तशी ती आणखी कळवळली. मग बारा म्हणाली, तेही लिहिलं. आता तिचे ओठ हलतात, पण ऐकू येत नाही. मी कान लावून बसले आहे, रायो, सगळं लिहिते आहे, तू फक्त सांगत राहा, आता किती, आता —