यंत्र म्हणतं, चावतोय

९ जानेवारी, गुरुवार

चावतोय म्हणे! काल कबड्डीत सूर्या पाठीवर आपटला, मान हिसडली, उठला तो थेट दुसऱ्या संघात जाऊन उभा राहिला. आणि लॅबच्या नंदिता मॅडमचं यंत्र म्हणतं — धक्का नाही, पान चावतोय. दिवा हिरवा.

दातांवर बसवायची पट्टी, आत सेन्सर. डोकं कसं हललं ते पट्टी टिपते, त्यावरून आत मेंदू किती हलला याचा हिशेब यंत्र करतं. मॅडमच म्हणाल्या होत्या, "तांब्या थांबतो, आतलं पाणी थांबत नाही." आमच्या कुंभकोणम्‌ची पोरं पट्टी घालूनही पान चघळतात, म्हणून यंत्राला चावणं वेगळं ओळखायला शिकवलंय. छान शिकवलंय!

कोचना दिवा पुरे. रविवारी फायनलला उतरवणार.

१० जानेवारी

सूर्याने तीनदा विचारलं, ही बस आडुतुरैला जाते ना. आम्ही चालत होतो.

त्याची बहीण भागीरथीअक्का डॉक्टर डॉक्टर करतेय. तर हा म्हणतो, "अक्का, मशीनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं." डोकं फिरलं माझं. भांडायलाच निघालो होतो मॅडमशी — वाटेत एका दुकानात समई घासत होते, बघत राहिलो. अर्धा तास गेला. लॅब बंद. आता स्वतःचाही राग.

११ जानेवारी

आज गाठलंच. वाट्टेल ते बोललो. तुमच्या यंत्राला चावणं शिकवलं कुठल्या गाढवाने?

मॅडमनी नुसती यादी उघडली. चावण्याचे नमुने — नाव माझं.

नोव्हेंबरात पट्टी घालून तासभर एका जागी पान चावायचं काम मला दिलं होतं. दहा मिनिटांत कंटाळलो. पान तोंडात, पट्टी दातांवर, सूर्याची बाइक काढली नि तिरुक्करुगावूरपर्यंत गेलो. एकेक स्पीडब्रेकर उडवत! परत येऊन पट्टी देऊन टाकली. ते सगळे हिसके यंत्राने 'चावणे' म्हणून पाठ केले.

"बसूनच चावलास ना रे?"

हो म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोचना फोन लावला — हिरव्या दिव्यावर जाऊ नका, सूर्याला आधी डॉक्टरकडे न्या. मग यंत्राने 'चावणे' म्हणून सोडून दिलेला सूर्याचा एकेक हिसका खेळाच्या व्हिडिओशी ताडून बघत बसल्या.

१२ जानेवारी, रविवार

सूर्या खेळला नाही. बुधवारचा धक्का सापडला. त्याच्या आधीचे आणखी चार. डॉक्टर म्हणाले, कबड्डी आता विसर.

अक्काने मला जेवायला बसवलं. सूर्या स्वतः वाढत होता. म्हणाला, "सगळे यंत्राच्या बाजूने होते. माझ्यासाठी भांडलास तू एकटा."

भात वाढतच राहिला. मी खात राहिलो.