नोंदीखालचं नाव

१२ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चष्म्याच्या नव्या काचा, दोन्ही नीट पोचलं. आता अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत.

बातमी अशी, की विश्वकोशाच्या आरोग्य खंडातला स्त्री-आरोग्य विभाग माझ्याकडे आलाय. खंडाचे मुख्य संपादक बाबाच, त्यामुळे बापलेकीची जोडी म्हणून कार्यालयात कौतुक चाललंय. सध्या काम एकच: या विभागात कुठले विषय घ्यायचे आणि कुठले दुसरीकडे ढकलायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण लांब टेबलाभोवती बसून आम्ही जागेवरून भांडणाऱ्या प्रवाशांसारखे भांडतो. समितीतल्या एका गृहस्थांच्या मते बाईचं आरोग्य म्हणजे गर्भाशय, बाकीचं सगळं माणसाचं. मग बायकांची हाडं कुठल्या विभागात ठिसूळ होतात, असं मी विचारलं. ते चष्मा पुसत बसले. बायकांचा हृदयविकार वेगळ्या लक्षणांनी येतो म्हणून तो घ्यायचा, एवढ्यावर अख्खी दुपार गेली. शेवटी अध्यक्षबाईंनी चहा मागवला तेव्हा कुठे शांतता झाली. त्या निवृत्त शल्यचिकित्सक आहेत, माणसांना कसं गप्प करायचं हे त्यांना बरोबर कळतं.

पण एक विषय समितीपुढे यायच्या आधीच बाबांनी माझ्या मसुद्यातून काढला. 'बाळंतपणानंतरचे मानसिक आजार'. समासात लिहिलं, 'हा विषय मनोविकार खंडात. येथे नको.' गेले कित्येक दिवस मी नेमकं त्यावरच वाचत होते. आई, हा आजार बाळंतपणातून येतो आणि उपचारांनी जातो. बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. बाबांनी तर मला लहानपणापासून सांगितलं, की तुझा आजार बरा न होणारा होता आणि पुढे तू सावरलीस हे आश्चर्यच. मोठी झाल्यावर मी तुला शोधत आले, तेव्हाही हे विचारायची हिंमत झाली नाही. आता विचारते. नक्की काय झालं होतं?

उत्तराची घाई नाही असं लिहिणार होते, पण घाई आहे. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
मुंगी


१९ जून

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानातच वाचलं. समोर गिऱ्हाईक होतं. त्याच्या एका डोळ्यावर झाकण लावलं, त्याला तसंच बसवलं आणि मागच्या खोलीत जाऊन वाचून आले. बिचारा एका डोळ्याने भिंतीवरची अक्षरं वाचत बसला होता, सगळी पाठ झाली असतील.

विचारलंस ते बरं केलंस. तू झालीस तेव्हा सुरुवातीला मी इतकी आनंदात होते, की झोपावंसंच वाटेना. मग झोप यायचीच बंद झाली. तू गाढ झोपलेली असायचीस आणि मला तुझं रडणं ऐकू यायचं. ही तुझी मुलगी नव्हे, कोणीतरी बदललीय, असं भिंतीपलीकडून कोणी सांगतंय असं वाटायचं. खिडकीजवळ जायची मला भीती वाटायची, कारण तू माझ्या हातात असायचीस. हे मी तुझ्या बाबांना आपणहून सांगितलं. ते नुसते नवरा असते तर सांगितलं नसतं, डॉक्टर आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी मला मनोरुग्णालयात नेलं. तिथपर्यंत त्यांचं काहीच चुकलं नाही, हे मी आजही म्हणेन.

उन्हाळा संपता संपता मी बरी झाले. हिला घरी न्या, मुलीला आईजवळ द्या, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांना कळवलं. ते आले नाहीत. घटस्फोटाची आणि तुझ्या ताब्याची कोर्टाची नोटीस तेवढी आली. साक्षीला ते स्वतः उभे राहिले, नवरा आणि तज्ज्ञ दोघंही एकाच कोटात. म्हणाले, हे वेड कायमचं आहे, हिच्या हाती मूल देणं कधीच सुरक्षित नाही. शेजारी बसून तुझी आत्या मान डोलवत होती. ज्या डॉक्टरांनी मला बरं केलं त्यांची तोवर बदली झालेली, त्यांना कोणी बोलावलंच नाही. आणि मी काही बोलले तरी वेडीचं कोण ऐकतो? वर्ष सरायच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. डॉक्टरांच्या घरात वेडी बायको शोभत नव्हती. तुझी छोटी आई चांगली बाई निघाली, तिला यात ओढू नकोस. मला माझ्या भावाने घरी आणलं आणि त्याच्या चष्म्याच्या दुकानात बसवलं, ती अजून बसलेय.

आता तू चिडून माझी हकिकत कोशात घालायला निघशील. ते मला नको. मी कुणाचं उदाहरण नाही. पण म्हणून मी सोडून देणारी आहे असंही समजू नकोस. मला सूड हवाय. इतकी वर्षं काचा घासताना मी त्यालाही धार लावत आलेय. तो विषय तुझ्या विभागात घे, आणि नोंद त्यांच्याच हातून लिहून घे. खाली त्यांचं नाव हवं.

वेळेवर जेवत जा, रागाने पोट भरत नाही. आठवण काढत जा, दुसरं काही मागत नाही.

तुझी,
आई


२५ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

समोरासमोर बोलायला लागलो की आपण दोघंही विषय बदलतो, म्हणून लिहिते. गरोदरपणातला मधुमेह तुम्ही माझ्या विभागात ठेवलात. जो आजार गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे येतो तो स्त्री-आरोग्यात, असं कारणही तुम्हीच दिलंत, आणि ते मला पटलं. मग बाळंतपणामुळे येणारा हाच एक आजार बाहेर का?

विभाग संपादकाला मुख्य संपादकांचा निर्णय पटला नाही तर विषय समितीपुढे जातो, असा नियम आहे. तो तुम्हीच केलात. मी तो वापरायचं ठरवलं आहे.

खोकल्याचं औषध वेळेवर घ्यावं. कृपा आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपली,
मुलगी


२८ जून

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. एकाच मजल्यावर बसून टपालाने भांडणारी मुलगी लाभली, याचा अभिमान वाटावा की काळजी, हे ठरत नाही.

तुझा मुद्दा शास्त्राला धरून आहे. पण ज्या घरात मूल येणार आहे, त्या घरात हा खंड उघडला जाईल. तिथे वेडाचा उल्लेख वाचून एखादी भित्री मुलगी काय समजेल? शिवाय काही गोष्टी घरातल्या घरात राहिलेल्या बऱ्या. मी तुला कशाची उणीव भासू दिली नाही. शाळेत जाताना तुझ्या वेण्यादेखील मी घालत असे, वाकड्या का होईनात. समितीकडे जाऊ नकोस, एवढे माझे ऐक.

माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत, याचा विसर पडू देऊ नये.

तुझे,
बाबा


९ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

विषय आत आला.

बाबा फार छान बोलले. खालच्या आवाजात, एकेक मुद्दा मांडत. क्षणभर मलाही वाटलं, की बरोबरच म्हणताहेत. मग मी त्या गर्भाशयवाल्या गृहस्थांना विचारलं, की या आजाराची सुरुवात तुमच्या लाडक्या अवयवापासूनच होते ना? पहिला हात त्यांचाच वर झाला, मग बाकीच्यांचे.

अध्यक्षबाईंनी विचारलं, नोंद कोण लिहील? मी म्हटलं, मुख्य संपादकांनी स्वतः लिहावी, या विषयाचा इतक्या जवळून विचार केलेलं दुसरं कोणी इथे नाही. सगळ्यांना ते इतकं योग्य वाटलं की दोघांनी टाळ्याही वाजवल्या. बाबांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यांनी न पिताच खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, की मला कळलंय. भर सभेत नाही कसं म्हणणार? लिहितो म्हणाले.

आई, मला त्या वेळी जो आनंद झाला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तुझं प्रेम सोबत असू दे, मला आता ते लागणार आहे.

तुझी,
मुंगी


३ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नोंद मिळाली. विभागातली ही सर्वांत चांगली नोंद आहे, हे मी खूश करायला म्हणत नाही. लक्षणं स्पष्ट आहेत, उपचार स्पष्ट आहेत, घरच्यांनी काय करावं तेही आलंय. शंका एकाच वाक्याबद्दल आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय: 'काही स्त्रियांमध्ये हे वेड कायमचे राहते व त्यांच्या हाती मूल देणे कधीच सुरक्षित नसते.' या विधानाला कुठलाही आधार जोडलेला नाही. मी शोधला, मलाही सापडला नाही. कृपया कळवावा.

आपली,
विभाग संपादक


६ ऑगस्ट

चि. बाळास आशीर्वाद.

आधार: अनुभव. चाळीस वर्षे वैद्यकी केलेल्या माणसाला एवढी मुभा असावी.

तुझे,
बाबा


७ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कोणत्या रुग्णाचा अनुभव?

कोशात नुसता अनुभव आधार म्हणून चालत नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. विधान एकाच रुग्णावरून केलेलं असेल, तर त्या रुग्णाचं पुढे काय झालं हेही पाहावं लागतं. मी पाहिलंय. ती दुकान चालवते, चेष्टा करते, रात्री नीट झोपते. हे पत्र मी तिनेच घासलेल्या काचांतून बघून लिहिते आहे.

वाक्य ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही सांगावं. मी आपणहून काढणार नाही.

आपली,
विभाग संपादक


२९ ऑगस्ट

चि. बाळास,

वाक्य काढावे.

उत्तराला उशीर झाला. मी तेव्हा तरुण होतो आणि लोक काय म्हणतील याला फार भ्यालो होतो. यापुढे लिहिता येत नाही. आता एकच विनंती आहे. नोंदीखाली माझे नाव छापू नये, 'संपादक मंडळ' असे छापावे. ज्यांनी मला त्या दिवशी कोर्टात ऐकले, त्यांतले बरेच जण हा कोश घेतील. एवढे करशील ना?

बाबा


५ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नाव राहिलं.

बाबा माझ्या टेबलापाशी आले होते. आजवर कधी आले नाहीत, बोलावून घ्यायचे. उभेच राहिले. मी खुर्ची दिली नाही. त्यांनी विचारलं, की मी त्यांचा तिरस्कार करते का. मी म्हटलं, खंड छापून होऊ दे, मग सांगते. मान हलवून ते घरी जायला निघाले. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, एरवी धरत नाहीत. मी हात द्यायला गेले नाही. मग मी हात धुवायच्या खोलीत जाऊन रडले, आणि बाहेर येऊन प्रूफ छपाईला दिलं, नावासकट.

तुला हवं होतं ते झालं. मलाही हवं होतं. तरी रात्री त्यांच्या खोकल्याचीच काळजी लागून राहिली. याचं काय करायचं ते तू सांग. तुझ्या मायेत उणं पडू नये.

तुझी,
मुंगी


१८ डिसेंबर

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

खंड आला. मी जास्तीच्या प्रती मागवल्या होत्या. एक तुझ्या आत्याला, एक त्यांच्या वकिलाला, बाकीच्या त्या कोर्टात बसलेल्या नातेवाइकांना. पान दुमडलं नाही, पुस्तकाचा अपमान होतो. बरोबर पानात रिबीन घालून पाठवल्या. आत्याचा फोन आला. तिला तेव्हा काही माहीत नव्हतं म्हणे. मी म्हटलं, आता तर माहीत झालं ना, मग कुणाकुणाला वेडी सांगितलं होतंस त्यांना फोन कर. त्या रात्री मला अशी झोप लागली, की सकाळी दुकान उशिरा उघडलं.

तू रडलीस ते ठीकच आहे. बाप आहेत ते तुझे. तुझ्या वेण्या त्यांनी घातल्या. त्या मला घालायच्या होत्या, पण तो राग माझा, तो तू वाहू नकोस. त्यांच्याकडे जात जा, औषध घेतात का बघ. मी जाणार नाही.

त्यांचं मला पत्र आलं. दुकानात येऊन माफी मागायची आहे म्हणतात. उत्तर धाडलं. त्यांचं पत्र सोबत जोडलंय आणि माझ्या उत्तराची नक्कल खाली देते, म्हणजे आमच्यात काय बोलणं झालं ते तुला पुन्हा एकाच बाजूने ऐकावं लागणार नाही.

काचा कोमट पाण्याने धूत जा, पदराने पुसू नकोस. भेटीची वाट पाहते.

तुझी,
आई


नक्कल

मुख्य संपादक यांस,
न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. नोंद वाचली. चांगली लिहिली आहे, त्यात खोटं काही नाही.

दुकानात येऊन माफी मागू नये. मागच्या खोलीत, चहा घेत, मला एकटीला गाठून मागितलेल्या माफीने तुम्हालाच हलकं वाटेल. साक्ष तुम्ही भरल्या कोर्टात दिली होती. लिहायचंच असेल तर त्या दिवशी तिथे बसलेल्या एकेकाला लिहा. आणि मुलीला लहानपणापासून जे सांगत आलात, ते तिच्या समोर बसून स्वतःच्या तोंडाने खोटं होतं म्हणा.

शेवटी लोभाबद्दल लिहायची पद्धत आहे, ती मी इथे पाळत नाही.

माझी तब्येत विचारलीत. मी बरी आहे. तेव्हाही झाले होते. मनोरुग्णालयातून मी स्वतः तुम्हाला तसं लिहिलं होतं, न्यायला या म्हणून. त्याचं उत्तर आलं नाही. याचंही नको.

मुंगीची आई