भैरोबाचा दोर आणि गोठ्यातली मोटार

भैरोबाची वाडी, सोनारीजवळ, ता. परंडा
८ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप दादांस, गोरोबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं आई, अयोध्या, गिरणी आणि म्हैस असे सगळे सुखरूप आहेत. वहिनींचं कार्ड पोचलं. धाराशिवच्या कचेरीत तुम्हाला खिडकीजवळची खुर्ची मिळाल्याचं वाचून दाखवलं, तर आईनं पाण्याला जाता-येता ती बातमी निम्म्या वाडीला सांगून टाकली. आता लोकांची समजूत अशी झाली आहे की तुम्ही कलेक्टरच्या शेजारी बसता. मी ती मोडलेली नाही.

हे पत्र काही विशेष कारणानं लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वहिनींच्या कार्डाला उत्तर जायला पाहिजे, आईला लिहिता येत नाही, आणि अयोध्या म्हणते तिला तिच्या माहेरी आधी लिहायचं आहे. राहिलो मी. माझं शिक्षण उर्दू शाळेतलं, तेव्हा मराठीच्या चुका काढून पत्र परत पाठवलंत तरी चालेल. तेवढंच तुमचं अक्षर बघायला मिळेल.

म्हैस गाभण आहे, थोड्या दिवसांत विणार. पंचाईत अशी की गोठ्यात तिच्या जागेवर माझी मोटार आहे, आणि म्हैस दीड वर्षापासून अंगणात लिंबाखाली बांधलेली आहे. अयोध्या म्हणते, बाळंतिणीला अंगणात ठेवणारं हे गावातलं पहिलं घर. म्हणून मोटार बाहेर काढायचं ठरवलं आहे.

मोटारीची हकिगत तुम्ही विसरला नसालच. येडशी स्टेशनात बेवारशी मालाचा लिलाव होता. पेट्यांत गिरणीचं इंजिन असेल असं समजून मी त्या घेतल्या, आणि उघडल्यावर निघाली मोटार, तीही सगळी सुटी सुटी. कुणा हौशी माणसानं विलायतेहून घरी जोडायची मोटार मागवली आणि तो सोडवायला आलाच नाही. सांगाडा, पत्रे, इंजिन, चाकं, आणि कशाला काय जोडायचं त्याचं इंग्रजी पुस्तक. मी त्यातली चित्रं वाचतो.

सगळी वाडी तेव्हा पोट धरून हसली. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या नोकरीसाठी परंड्याच्या कचेरीत शब्द टाकला होता आणि मी घरात लोखंड घेऊन आलो. तुम्ही गोठ्याच्या दारात उभे राहून, सगळ्यांदेखत बोललात: "ही मोटार ज्या दिवशी या गोठ्याबाहेर येईल, त्या दिवशी मी या घरात पाय ठेवीन." नंतर तुमची धाराशिवला बदली झाली, आणि तुम्ही शब्दाचे पक्के निघालात.

त्या गोष्टीचा आणि म्हशीचा काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

आता मोटारीचा सांगाडा जमिनीवर ठेवून जोडता येत नाही, खाली शिरून काम करावं लागतं. त्याला चारी बाजूंनी आधार पाहिजे. पहिल्यांदा मी विटा रचल्या, तर एका कोपऱ्याची वीट भुगा झाली आणि सांगाडा एक पाय आखूड असलेल्या खाटेसारखा कलला. मग सुचलं. माझी गिरणी सुरू झाल्यापासून घरोघरची दळायची जाती रिकामीच पडली आहेत. ती मागितली. बायकांनी इतक्या आनंदानं दिली की मला गिरणीवाला म्हणून थोडं बरं वाटलं. आता आडव्या पट्ट्या जिथं जुळतात, बरोबर तिथं खाली जाती रचली आहेत. सांगाड्यावर परात ठेवून काठोकाठ पाणी भरतो. पाणी एका बाजूनं सांडलं नाही म्हणजे सांगाडा सरळ. आई म्हणते, एवढी पूजा भैरोबाची केली असतीस तर...

चाकं अजून बसवलेली नाहीत. रबर तडकून गेलं आहे, नवं सोलापूरहून यायचं आहे. म्हणून दोन तुळयांवर बांधून, खाली बाभळीचे गोल ओंडके घालून ढकलत बाहेर आणायची. जमेल. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही करतच नसाल म्हणा.

वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (नोकरीची एवढी एक बाब सोडून),
गोरोबा

*

वाडी, २६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादांस, सा. नमस्कार.

उत्तर आलं नाही, म्हणजे कचेरीत काम फार असणार. इकडंही कामाची कमी नाही. मोटार आहे तिथंच आहे, आणि माझ्या हातून असा घोळ झाला आहे की तो तुम्हाला कळवल्याशिवाय गत्यंतर नाही.

गोठ्याचा दगडी उंबरा तुम्हाला माहीत आहे, आणि त्यापुढचा चढही. आधी बैल जुंपले. बैल हिसका देतात, आणि हिसक्यानं सांगाडा पिळतो. परातीतलं पाणी सगळं माझ्या अंगावर. तेव्हा ठरवलं की माणसांनी ओढायचं, सगळ्यांनी एकसारखं. विहिरीवरच्या मोटेचा नाडा बांधला, तो तुटला. दोन नाडे एकत्र पिळून बांधले, तेही उंबऱ्यावर तुटले आणि ओढणारे सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, मी पैज लावतो.

मग माझ्या डोक्यात आलं की वाडीत एकच दोर असा आहे जो तुटणार नाही. भैरोबाच्या रथाचा. गुंडाप्पाकडं गेलो. गुंडाप्पाला आता ऐकायला थोडं कमी येतं, पण देवळाची किल्ली अजून त्याच्याच कमरेला. त्यानं दोर आनंदानं दिला, स्वतः येऊन सांगाड्याला गाठ मारली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मला वाटलं म्हाताऱ्याला मोटारीचं कौतुक आहे.

सगळी वाडी जमली. मी "धरा रे" म्हणालो. कुणी धरेना.

गुंडाप्पा म्हणाला, "दोर देवाचा हाय. त्याला पयला हात तुमच्या घरच्या थोरल्याचा. तुझ्या दादाचा, बिराप्पाचा हात लागल्याबिगर कोण धरंल?"

मी म्हणालो, अहो ही मोटार आहे, रथ नाही. तर म्हणाला, "दोराला काय ठावं मागं काय बांधलंय?"

आणि लोकांनी माना डोलावल्या. मागल्या यात्रेला तुम्ही आला नाहीत, ताप आल्याचा निरोप पाठवलात. तुमची जागा रिकामी ठेवून आम्ही रथ ओढला, आणि तो चावडीच्या कोपऱ्यावर असा रुतला की देव उन्हात उभा राहिला. ते वाडी विसरलेली नाही. मी रागावलो. म्हणालो, दोर सोडा, मी सोलापूरहून साखळी आणतो. तर गुंडाप्पा म्हणाला, गाठ मारलेला दोर ओढल्याशिवाय सोडायची चाल नाही.

तेव्हा आता स्थिती अशी. मोटार गोठ्यात. भैरोबाचा दोर मोटारीला. चैत्रात यात्रा, आणि रथाला दोर नाही. तुमचा हात लागल्याशिवाय मोटार बाहेर येत नाही, आणि मोटार बाहेर आल्याशिवाय तुम्ही घरात पाय ठेवत नाही. आईला हे सगळं समजावून सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून हसत बसली. गेल्या वर्षभरात तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

वाडीतला प्रत्येक जण मला विचारतो, दादाला कळवलं का. मी म्हणतो, कळवलं.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे, कारण ती गुंडाप्पानं सांगायला लावली आहे. आपला आजा एकदा यात्रेला तापानं निजून होता, तेव्हा त्याचा फेटा दोराच्या पहिल्या जागी बांधला आणि रथ निघाला. मानकरी येऊ शकला नाही तर त्याचा फेटा चालतो. आजाचाच तो तांबडा फेटा पुढं बाबांचा झाला, आणि आता तुमचा आहे. तुम्ही जाताना कांबळं, पितळी डबा, छत्रीसुद्धा इथं टाकून गेलात. फेटा तेवढा नेलात.

मी मागत नाही. चाल काय आहे ती कळवली.

म्हैस आता कुठल्याही दिवशी विणेल. तिच्यासाठी तरी काहीतरी व्हायला पाहिजे.

गोरोबा

*

वाडी, पाडव्याचा दुसरा दिवस

दादा,

आज नमस्कार-चमत्कार पत्राच्या शेवटी. आधी बातमी.

पाडव्याच्या आदल्या दिवशी परंड्याच्या बसच्या कंडक्टरनं फाट्यावर एक पुडकं दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. मी तिथंच उभ्या उभ्या सोडलं. तांबडा फेटा. चिठ्ठी नाही. कागद उलटसुलट करून पाहिला, त्यात जुन्या बातम्याच होत्या. घरी आणला तर अयोध्यानं हातात घेऊन हुंगला आणि म्हणाली, डांबरगोळ्यांत ठेवलेला होता, आणि परवाच धुऊन खळ दिलेली आहे. बायकांना कापडावरून सगळं कळतं.

आईनं फेटा मांडीवर घेतला. बराच वेळ त्याच्या घड्यांवरून हात फिरवत राहिली. मग एवढंच म्हणाली, "त्यानं पाय म्हणला व्हता. डोकं धाडलं. आता पाय बी येतील."

काल सकाळी गुढी उभारून झाली आणि सगळी वाडी आपल्या दारात. गुंडाप्पानं फेटा दोराच्या पहिल्या जागी बांधला. दुसऱ्या जागी मी. माझ्यामागं सगळे आपापल्या मानाप्रमाणं, आणि ज्यांना मान नाही तेही, कारण मोटारीला तेवढी सूट आहे असं गुंडाप्पानं जाहीर केलं. अयोध्यानं सांगाड्यावर पाण्यानं भरलेली परात ठेवली आणि शेजारून चालू लागली. पाणी एका काठाकडं जायला लागलं की ती "थांबा" म्हणायची, आणि अख्खी वाडी थांबायची. मग जिकडं कललं तिकडं ओंडका सरकवायचा, पुन्हा ओढायचं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्या बायकोचं एवढं ऐकणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

उंबऱ्यावर अडली. तिथं मला धाकधूक होती. गुंडाप्पानं भैरोबाच्या नावानं आरोळी दिली, ज्यांनी जाती दिली होती त्या सगळ्या बायका मागून लोटायला आल्या, आणि दादा, मोटार उंबरा ओलांडून अशी अलगद उतरली की परातीतलं पाणी हललं पण सांडलं नाही. ढोल वाजला. कुणीतरी गुलाल आणला होता, तो माझ्या कानात अजून आहे. लोक थांबायला तयार होईनात. दोर देवाचा, तेव्हा देवाला दाखवल्याशिवाय कसं ठेवायचं, म्हणून चाकं नसलेली मोटार भैरोबाच्या दारापर्यंत गेली आणि वळून परत आली. चावडीचा कोपरा एका दमात पार झाला. तिथं सगळ्यांनी फेट्याकडं पाहिलं, मीही पाहिलं.

आता ती लिंबाखाली उभी आहे, पुन्हा जात्यांवर. दोर सोडून देवळात पोचवला.

आता म्हशीचं. म्हैस मागच्याच आठवड्यात व्याली, अंगणात, भर सकाळी, कुणाची वाट न बघता. पारडी झाली. दोघी मजेत आहेत आणि गोठ्याकडं ढुंकून बघत नाहीत. म्हणजे काल मोटार बाहेर काढायची काहीच गरज उरली नव्हती. वाडीतल्या एकानंही मला विचारलं नाही की मग ओढायची कशाला. सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या पहिल्या पत्रावरून बहुतेक तुम्हालाही कळलंच होतं.

तेव्हा लिहूनच टाकतो. म्हशीचं निमित्त होतं. मोटार तयार नाही. इंजिन अजून पेटीत आहे, पत्रे भिंतीला टेकून आहेत, चाकं नाहीत. पण तुम्ही "बाहेर येईल" म्हणाला होतात, "चालेल" म्हणाला नव्हतात. सगळ्यांदेखत. मला ती चालवायच्या आधी बाहेर काढायची घाई होती, कारण तुमच्याशिवाय या घरात जेवण जेवल्यासारखं लागत नाही. आई ताट वाढते तेव्हा अजून एक जास्त वाढते आणि मग ते म्हशीला जातं. म्हैस उगाच धष्टपुष्ट झालेली नाही.

पुस्तकातल्या चित्रात दोन बैठका आहेत. ड्रायव्हरशेजारची पुढं-मागं सरकवून खिळवायची असते. तुमचे पाय लांब आहेत म्हणून ती मी आधीच मागं खिळवली आहे. मागल्या वर्षीच. कचेरीचं मी अजूनही ऐकणार नाही, त्यावर हवं तेवढं भांडू. पण भांडायलासुद्धा माणूस समोर लागतो.

मोटार बाहेर आली आहे. आईनं काल संध्याकाळपासून पाय धुवायचा तांब्या उंबऱ्यापाशी भरून ठेवला आहे. आज सकाळी तिनं ते पाणी ओतून ताजं भरलं. उद्याही भरेल.

फेटा बसनं परत पाठवत नाही. मोटार वळवायच्या चक्राला बांधून ठेवला आहे, जिथं हातांनी धरायचं असतं तिथं. तो बांधायचा तर इथं येणाऱ्याचं डोकं पाहिजे. यात्रा जवळ आली आहे आणि गुंडाप्पा म्हणतो, फेट्यावर एकदाच भागतं, दर वेळी न्हाय.

वहिनींना आणि तुम्हाला, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. ते पाय इथं आणून द्या.

दोराच्या दुसऱ्या जागेवरून,
पुढची जागा राखून,
तुमचा धाकटा
गोरोबा