एका ‘होती’चा खुलासा

ती. दादांना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा जिन्याशी बोलायला लागला का? वहिनींचा खोकला एव्हाना बसला असेल. इकडे सर्व क्षेम, असं लिहायला हात सरसावला होता. पण आमच्याकडचं सगळं क्षेम गेल्या बुधवारी बॅग भरून तुमच्याकडे आलंय, तेव्हा ते तुम्हीच कळवा. ‘मला जिवंतपणी मारलं’ असं ती तिथे सांगत असते हे मला ठाऊक आहे (तुमच्याशी फोनवर बोलताना मागून तुमच्या बहिणीचाच आवाज जास्त स्पष्ट येतो). तिचं म्हणणं खरं आहे. पण त्यात माझा हेतू नव्हता. तो खुलासा वाचून तिने परत यावं, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

जन्मभर मी विजेची कामं केली, लोकांच्या घरात उजेड पाडला. काम सुटल्यावर वाचनालयातून सिनेमे आणायला लागलो आणि कोपऱ्यातल्या एका कपाटापाशी जो अडकलो तो अडकलोच. ‘फिल्म न्वार’ म्हणतात त्यांना. न्वार म्हणजे काळा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी आपलं घरगुती नाव ठेवलंय, काळोखपट. दादा, काय सांगू तुम्हाला! ऐपत असून कोणी दिवा लावत नाही. टेबलावर एकच दिवा, तोही खुनाच्या कामापुरता. खिडकीला आडव्या पट्ट्या, त्यांची सावली भिंतीवर आणि माणसाच्या तोंडावर. मग एक बाई येते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. तेव्हाच समजायचं, या गृहस्थाचं वाटोळं झालं. गंमत म्हणजे त्यालाही ते समजतं, तरी तो खुर्ची पुढे करतो! इतकी वर्षं धंद्यात काढली, पण अंधार एवढा कामाचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

झालं, हात शिवशिवले. बैठकीच्या खोलीतले दिवे उतरवले, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून खिडकीला टांगल्या. आमच्या हिला सुईत दोरा ओवायला गॅलरीत जावं लागायचं. “घरात राहतेय की तुरुंगात?” असं म्हणत ती एकदा चौकटीला टेकली (कंबर धरली होती म्हणून), तर मी ओरडलो, “अगदी अश्शीच!” आणि खुर्ची पुढे केली. ती बसली. तिथवर सगळं ठीक होतं.

घोटाळा केला तो बोलण्याने. काळोखपटात नायक आपली कहाणी आपणच सांगतो, थकलेल्या आवाजात आणि भूतकाळात, कारण सांगेपर्यंत सगळं संपलेलं असतं. मला ही तऱ्हा इतकी आवडली की मीही सुरू केलं. ‘दूधवाला आला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं.’ ही म्हणायची, “दूधवाल्याचं काय हवं ते करा. पण मी ढळढळीत समोर बसलेली असताना ‘ती समोर बसली होती’ काय? मला ‘होती’ म्हणायचं नाही, सांगून ठेवते.” मी हसण्यावारी नेलं.

बुधवारी दुपारी ती बटणं आणायला बाजारात गेली. मी ओव्हरकोट चढवला, हॅट घातली, टेबलावर तिचा फोटो ठेवला (नायिका प्रत्यक्ष हजर नव्हती ना), त्याखाली दिवा लावला आणि कोटात उकडत होतं म्हणून खिडकी सताड उघडून सराव सुरू केला: ‘ती विलक्षण बाई होती. दुपारी ती या दारातून बाहेर पडली, आणि…’ इथे पुठ्ठ्याची धूळ घशात जाऊन माझा आवाज फाटला. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मोठी जबाबदार बाई. खात्री कशाचीच करत नाहीत, पण कळवतात सगळ्यांना.

जरा वेळाने नर्सबाई, समोरचे बँकवाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे पाय न वाजवता आत आले. अंधार, फोटो, दिवा, काळ्या कोटातला मी. मला वाटलं, माझी कला बघायला आलेत! बसा म्हटलं. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, “कसं झालं?” मी म्हटलं, “शेवट अजून जमत नाहीये.” त्यांनी खांद्यावर हात ठेवला. “अचानक?” “छे हो! महिनाभर तयारी करतोय.” हे ऐकून नर्सबाई खुर्ची माझ्यापासून जरा लांब सरकवून बसल्या.

मग सेक्रेटरी उभे राहून ‘ताई गेल्या’ म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण ते रंगात आले होते (वार्षिक सभेत बिचाऱ्यांचं कोणी ऐकत नाही), मध्येच तोडणं बरं दिसेना. तेवढ्यात ही परत आली. अंधारात कोणी ओळखलं नाही. उलट बँकवाल्यांनी उठून तिला खुर्ची दिली. नर्सबाईंच्या आजारपणात आपण त्यांच्या उशाशी कशी बसलो, आपण शिवलेला शर्ट बँकवाल्यांच्या अंगावर अजून कसा उसवलेला नाही, हे सगळं तिने डोळे पुसत ऐकलं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, “आता यजमानांनी दोन शब्द बोलावेत.” मी उठलो. फोटोखालचा दिवा किंचित तिरका झाला होता, तो सरळ केला. आणि खाली बसलो.

मागून आवाज आला, “बोला की!”

नर्सबाई किंचाळल्या, बँकवाल्यांनी पळता पळता खिडकीवरचा पट्ट्यांचा पडदा ओढून काढला आणि भर उजेडात तुमची बहीण बटणांची पुडी घेऊन उभी! “मी आहे की होते, ते आधी ठरवा. मग न्यायला या,” म्हणाली आणि बॅग काढली. बाकीचं तुम्ही पाहिलंच आहे.

वहिनींना नमस्कार, आणि तिलाही जे काय सांगायचं ते तुमच्या गोड भाषेत सांगा.

तुमचा मेहुणा

ता. क. : दिवे परत बसवले आहेत. हॅट सेक्रेटरींना दिली, त्यांना ती जास्त शोभते.

आणखी ता. क. : मुख्य काम राहिलंच. ती सभेवर रागावलेली नाही. जाता जाता सेक्रेटरींना “छान बोललात” म्हणाली. राग आहे तो मी काहीच बोललो नाही याचा. तेव्हापासून कोरा कागद घेऊन बसलोय, सुचत नाही. आता घरातल्या वायरिंगवर कोणी भाषण करतं का? ती भिंतीत असते, तिच्यावर सगळं घर चालतं, आणि आपण फक्त बटण दाबतो. असलं काहीबाही सुचतं, ते सभेत कसं बोलणार? तुम्ही तिला पाळण्यापासून ओळखता. चारपाच मुद्दे पाठवा. वर्तमानकाळात.

शेवटचं ता. क. : मुद्दे आधी तिच्या नजरेखालून घाला, नाहीतर भर सभेत दुरुस्त्या करील. येत्या रविवारी सकाळी सेक्रेटरींनी तीच सभा पुन्हा बोलावली आहे, या खेपेला ‘आहेत’ म्हणायला. तिला वेळेवर धाडा. ती आली नाही, तर त्या सगळ्यांना मी काय सांगू?